डाव्या विंगेतलं स्टूल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. शिवणाच्या डब्यात बटणं साठतात तसे ते साठतात. कुठल्या सदऱ्याचं कुठलं बटण ते आठवत नाही, पण फेकवतही नाही. परवा आम्ही चार जुन्या मैत्रिणी जमलो, चहा झाला, आणि एकीनं सहज विचारलं, "विमल, तुमच्या त्या नाटकवाल्यांचं काय झालं वं पुढं?" झालं! डबा उघडला तो जेवणाची वेळ टळली तरी मिटेना. त्यातलेच काही सांगते.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या नागपूरची. टीव्ही आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. नंदनवन वस्तीत तेव्हा घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आजूबाजूची कॉलेजातली पोरंपोरी नाटक बसवायची. मंडळाला रीतसर नाव होतं, पण ते पत्रिकेवर छापण्यापुरतं. सगळे म्हणायचे 'वसंतरावांचं नाटक'. वसंतराव आमचे दिग्दर्शक. दिवसा हायस्कुलात भूमिती शिकवायचे आणि संध्याकाळीही भूमितीच शिकवायचे, फक्त स्टेजवर. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. नाटकात माझ्याकडे कपडे, इस्त्री, सेफ्टी पिना आणि स्टेजवर लागणारं बारीकसारीक सामान. तोंडाला रंग लावून उजेडात जायची हौस मला कधीच नव्हती. पडद्यामागं सगळं जागच्या जागी असलं की मला बरं वाटायचं.

*

मी मंडळात शिरले ती सेवाभाव वगैरे घेऊन नाही. मी आमची साडी परत आणायला गेले होते.

शेजारची कुंदा माझ्या आईची जरीकाठाची नऊवारी 'दोन दिवसांसाठी' म्हणून घेऊन गेली होती. कुंदा एकोणीस वर्षांची, पण अंगानं भरलेली आणि आवाज भारदस्त, म्हणून वसंतराव तिला प्रत्येक नाटकात आईच करायचे. तीन आठवडे झाले तरी साडीचा पत्ता नाही. शेवटी मी कचेरीतून परस्पर शाळेत गेले.

पाहते तर कुंदानं ती साडी सोळा पिना लावून नेसली होती आणि तरीही ती पायात येत होती. मला ते बघवेना. "काढ ते सगळं," म्हटलं, तिला बाजूच्या वर्गात नेलं आणि पाच मिनिटांत एकही पिन न लावता नेसवून आणलं.

वसंतरावांनी वहीतून मान वर केली नाही. "दुसऱ्या अंकातही तिला हीच नेसायची आहे," ते म्हणाले. "उद्या साडेपाच."

"मी साडी न्यायला आले होते, सर."

"हो, तीच," ते म्हणाले. "तीच नेसवायची आहे."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी हजर! पुढं अकरा वर्षं जात राहिले. साडी मात्र मंडळाच्या ट्रंकेतच राहिली. आई कितीतरी वर्षं विचारायची, आणि मी तिला सांगायची की उद्या आणते.

*

वसंतरावांचे नियम दोन. पहिला, साडेपाचला दार बंद. पाच एकतीसला आलेला माणूस त्या दिवसापुरता मंडळाचा नाही. दुसरा, ज्याच्याकडे जे काम त्यात चूक झाली की ते काम गेलं. पडदा ओढायला त्यांचा सख्खा मेहुणा होता. एका प्रयोगात त्यानं पडदा चार वाक्यं आधी पाडला. पुढच्या प्रयोगाला मेहुणा प्रेक्षकांत बसलेला. घरी बायको आठ दिवस बोलली नाही म्हणे. कुणीतरी सरांना सबुरीचं सांगायला गेलं, तर ते म्हणाले, "घरात नातं. नाटकात काम."

एकदा मात्र सरच सापडले. कुणा नातेवाइकाला भेटायला हुडकेश्वरला गेले होते, येताना सायकल पंक्चर झाली. पाच सदतीसला दारावर थाप पडली. आम्ही आत एकमेकांची तोंडं पाहायला लागलो. दार उघडावं तर नियम मोडतो, न उघडावं तर सर बाहेर. आमच्यात वयानं मोठे नाना होते. त्यांनी जागचं न हलता मोठ्यानं सांगितलं, "तालीम सुरू आहे. दार उघडत नाही."

बाहेर सायकलचं स्टँड खटकलं. मग पायरीवर कुणीतरी टेकल्याचा आवाज आला.

आमची चंगळच झाली. सरांशिवाय तालीम! पोरं मोकळी सुटली. कुंदा तर बसूनच संवाद म्हणायला लागली. दहा मिनिटं गेली असतील, दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकली. लिहिलं होतं, 'श्याम, खिशातले हात काढ.'

श्याम आमचा हीरो. हॉलच्या खिडक्याही बंद होत्या. आम्ही सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

*

नानांचं आता नीट सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यांच्याभोवतीच आहे. नाना आमचे प्रॉम्प्टर. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा-सून आपापल्या नोकरीत. पोरांच्या नाटकात साठीचा माणूस काय करतो, असं नव्या लोकांना वाटायचं. एक तालीम पाहिली की ते विचारायचे बंद व्हायचे.

डाव्या विंगेत नानांचं लाकडी स्टूल. बाजूला लाल कागद गुंडाळलेला बारका दिवा, मांडीवर वही. त्यांचा आवाज नटाच्या कानापर्यंत जायचा आणि त्याच्या पुढे वीतभरही नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला कधी कळलं नाही की विंगेत कुणी बोलतंय. त्यामुळे झालं काय, की आमच्यातलं कुणी संवाद धड पाठच करेना. नाना आहेत ना! श्यामकडे रूप होतं, आवाज होता, उंची होती. पाठांतर तेवढं देवानं दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं. आणि कुंदाला सवयच लागली होती की डाव्या विंगेतून जे येईल ते म्हणून मोकळं व्हायचं.

एका नाटकात जेवणाचा प्रवेश होता. आई मुलाला वाढते, मुलगा सांगतो की मी उद्या गाव सोडतो, असा. मला खोटं ताट मांडणं पटेना, म्हणून मी घरून खरा झुणका, भाकर, कांदा आणि ठेचा नेला. श्याम त्या दिवशी कॉलेजातून थेट आलेला, सकाळपासून उपाशी. त्यानं पहिला घास घेतला आणि गाव सोडायचं विसरला.

नानांनी विंगेतून वाक्य दिलं, "मी उद्या गाव सोडतो, आई."

श्यामनं नानांकडे पाहून मान डोलावली आणि दुसरा तुकडा मोडला.

नानांनी पुन्हा दिलं. त्याचं तोंड भरलेलं. तिसऱ्यांदा नानांनी वही बाजूला ठेवली आणि वैतागून म्हणाले, "आधी गीळ, मग बोल."

आणि कुंदानं, डाव्या विंगेतून आलं ते आपलंच समजून, श्यामच्या पाठीवर हात ठेवला, अगदी आईच्या मायेनं म्हणाली, "आधी गीळ, मग बोल."

हॉलमध्ये टाळ्या! दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी ते वाक्य लाल शाईनं वहीत चढवलं. ते पुढच्या सगळ्या प्रयोगांत राहिलं. फक्त सरांनी खरी भाकर बंद केली, आणि श्यामला टाळी घेण्यासाठी रिकामंच तोंड हलवावं लागे.

*

भिवापूरला आम्हाला एकदा प्रयोगासाठी बोलावलं. भिवापूरची मिरची तुम्हाला माहीत आहेच. आम्हाला कपडे-रंगासाठी रंगपट म्हणून जी खोली दिली होती, तिथं आदल्या दिवसापर्यंत मिरचीची पोती होती. खोली झाडून दिली होती बिचाऱ्यांनी, पण मिरची ती मिरची. मी जाऊन सगळे कपडे खुंट्यांवर टांगले, आणि श्यामचा पंचा चुकून खाली पडला तो झटकून पुन्हा टांगला.

आता श्यामची दुसरी अडचण म्हणजे त्याला रडू येत नसे. तिसऱ्या अंकात बापाच्या पाया पडून रडायचं, आणि हा नुसता चेहरा वेडावाकडा करायचा. कांदा झाला, ग्लिसरीन झालं, वसंतरावांची बोलणी खाऊन झाली, डोळे आपले कोरडे. त्या दिवशी त्यानं तिसऱ्या अंकात पंच्यानं तोंड पुसलं मात्र, आणि जो रडायला लागला तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही. पडदा पडल्यावरही अर्धा तास थांबला नाही. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. गावातले एक म्हातारे शेतकरी आत येऊन म्हणाले, "असा लेक पाहिजे गा घरी." लेकाचं तोंड तेव्हा पाण्याच्या बादलीत होतं.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी श्याम येऊन विचारायचा, "विमलताई, तो पंचा धुतला तर नाही ना?"

त्याच प्रयोगात गुलाबचा सूर्य उगवेना. गुलाब आमचा लाइटवाला, दिवसा घरोघरी वायरिंगची कामं करायचा. स्टेजचा उजेड कमी-जास्त करायला त्यानं स्वतःच जुगाड केलं होतं. मातीच्या मोठ्या कुंडीत मिठाचं पाणी, त्यात तारेला बांधलेली पत्र्याची पट्टी. पट्टी हळूहळू पाण्यात सोडली की दिवे हळूहळू उजळायचे. कुणी करून पाहू नये, पण आम्हाला त्यातून झकास पहाट मिळायची. फक्त पाणी खारट लागतं, आणि मिठाची पिशवी नागपूरलाच राहिली होती. मध्यंतरात हे लक्षात आलं. पुढच्याच प्रवेशात पहाट.

गुलाब गावात पळाला. पहिल्या घरी म्हणाले, "दिवे लागल्यावर मीठ देत नाही बावा. लक्ष्मी जाते." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. किराणा दुकानाला कुलूप, कारण दुकानदार आमच्याच नाटकाला दुसऱ्या रांगेत बसलेला. त्याला विचारलं तर म्हणतो, "मी बी नाही देत जी दिवे लागल्यावर. अन् आता उठू कसा, मधात बसलो मी."

शेवटच्या घरातल्या एका म्हातारीला दया आली. ती म्हणाली, "मीठ तं देत नाही मी. पण लिंबाचा खार नेतं का? खाराले काही होत नाही."

गुलाबनं अख्खी बरणी कुंडीत ओतली. असा सूर्य आमच्या स्टेजवर आधी कधी उगवला नव्हता. पाणी तापलं तसा लिंबाच्या लोणच्याचा वास पहिल्या पाच रांगांत पसरला. प्रयोगानंतर तो दुकानदार गुलाबला म्हणाला, "पहाट भल्ली दाखवली. पण वास कसा काय आणला जी?"

*

त्यानंतरची एक तालीम मी विसरणार नाही. माझी धोब्याची वही सापडत नव्हती. मंडळाचे कपडे धुवायला टाकले की मी त्यात टिपून ठेवायची. शोधता शोधता डाव्या विंगेत गेले, तर ती नानांच्या मांडीवर! लाल दिव्यात पान उघडं होतं. धोतरं चार, परकर दोन, जरीचा कोट एक, बटण तुटलेलं. आणि त्या पानाकडे बघत नाना श्यामला दुसरा अंक शब्दाला शब्द देत होते.

मी वाकून कानाशी म्हटलं, "नाना, ही माझी धोब्याची वही आहे."

ते दचकले नाहीत. चालू वाक्य त्यांनी पुरं केलं, आणि पान उलटलं.

तालीम संपल्यावर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "वर्षभरापासून मले अक्षर दिसत नाही, पोरी. माणूस दिसते, पण अक्षर नाही दिसत."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. मोतीबिंदू म्हणते. म्हणते पिकू द्या, मग काढू. आता तो काही आंबा आहे का वं, पाडाले लागायले?" हसले, आणि मग हळूच म्हणाले, "वसंतरावले नोको सांगू. त्यानं मेहुण्याले नाही ठेवलं, मले काहून ठेवन? घरी मी नुसती खुर्ची अडवून राहिलो. सून चांगली आहे, पण तिच्या मधात मधात येतो मी. इथं तसं नाही. इथं मी नसलो तं पोट्टे मुके होतात."

मी बडबडी बाई, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या कचेरीला ठाऊक. पण ही एक गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नाही. ते स्टूल गेलं असतं तर नानांचं काय झालं असतं, याचा विचारही मला नको वाटायचा.

मग आमचं ठरून गेलं. नवं नाटक आलं की रविवारी सकाळी नाना आमच्या अंगणात येऊन बसायचे. मी तांदूळ निवडता निवडता नाटक मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. चार वाचनांत सगळं डोक्यात. रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, कोणती फाईल कोणत्या कप्प्यात हे त्यांना न बघता सांगायची सवय होती. तालमीत वही उघडून बसायचे, बरोबर जागेवर पान उलटायचे. मी शेजारी टाके घालत बसायची. आईला वाटायचं, विमलला एकदम वाचनाची गोडी लागली.

*

एकदा सगळं उघडं पडता पडता राहिलं. कुठल्याशा वर्तमानपत्रात आमच्या प्रयोगावर छापून आलं. वसंतराव कात्रण घेऊन आले. सगळे गोळा झाले. सरांनी ते कात्रण नानांच्या हातात दिलं. "नाना, तुम्ही वाचा. तुमचा आवाज चांगला आहे."

मी हातातली इस्त्री टाकून "मी वाचते, मी वाचते" करत पुढे झाले, पण नानांनी कात्रण डोळ्यांसमोर धरलं होतं. घसा साफ केला आणि वाचायला लागले. श्यामच्या अभिनयानं म्हणे प्रेक्षक हेलावले. कुंदाची आई मनात घर करून राहते. प्रकाशयोजना वाखाणण्याजोगी. गुलाबनं शेजारच्याच्या हातावर टाळी दिली. वेशभूषा तर म्हणे इतकी चोख, की इस्त्रीची एक घडीसुद्धा चुकलेली नव्हती. आणि दिग्दर्शकाची शिस्त प्रत्येक हालचालीत दिसत होती. दोन मिनिटं वाचलं त्यांनी. पोरं हवेत.

संपल्यावर वसंतरावांनी कात्रण घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. "छान लिहिलंय," ते म्हणाले. "चला, तालीम."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी तो अंक शोधून काढला. मजकूर तीन ओळींचा होता. पहिलीत नाटकाचं नाव, दुसरीत प्रयोगाची वेळ, आणि तिसरीत सभागृहाचे पंखे बंद असल्यामुळे प्रेक्षकांची गैरसोय झाली, एवढंच.

*

आता शेवटचा. हा मी त्या दिवशी मैत्रिणींनाही सगळ्यात शेवटी सांगितला.

स्पर्धेचा प्रयोग होता, दुपारी चारचा, सीताबर्डीवरच्या मोठ्या सभागृहात. आमच्या मंडळाला अशी संधी पहिल्यांदा मिळालेली. नाना नवा कोट घालून आले होते. दुपारी तीन वाजता वसंतरावांना श्यामचं शेवटचं भाषण पटेनासं झालं. विंगेत उभ्या उभ्या त्यांनी एका सुट्या कागदावर पेन्सिलीनं नवं लिहिलं. श्यामला अर्धा तास घोकायला दिलं आणि मग तो कागद नानांच्या हातात दिला.

"नाना, शेवट बदललाय. श्यामचा भरवसा नाही. तुमचा आहे."

"हाव," नाना म्हणाले आणि कागद खिशात ठेवला.

मी लगेच त्यांच्याकडे वळले, तर कुंदाच्या पोलक्याचा हूक तुटला. तो लावते तो नाटकातल्या बापाच्या धोतराचा काठ फाटलेला. नानांनी मला हातानंच खुणावलं, पहिल्या अंकानंतर. पहिल्या अंकानंतर जरीच्या कोटाची बाही उसवली. दुसऱ्या अंकानंतर कपडेबदल इतका घाईचा, की मी उजव्या विंगेतून हललेच नाही. तिसरा अंक सुरू झाला आणि तो कागद मी अजून पाहिलासुद्धा नव्हता. हातात कुंदाची शाल धरून मी मनातल्या मनात श्यामला विनवत होते, बाबा रे, एवढं एक आठव. एकदाच आठव.

श्यामनं भाषणाची दोन वाक्यं म्हटली आणि थांबला.

नेहमीसारखी त्याची मान डावीकडे वळली. समोरच्या विंगेत लाल दिव्यात मला नाना दिसत होते. कागद त्यांनी नाकाजवळ नेला. मग लांब धरला. मग पुन्हा जवळ.

मी शाल टाकली आणि पळाले. मागच्या पडद्याच्या आणि भिंतीच्या मधे हातभर जागा, त्यात गुलाबच्या वायरी. आडवी होऊन, भिंतीला पाठ घासत मी चालले होते. सभागृहात एवढी शांतता, की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला म्हणून त्या मुठीत धरल्या. डोक्यात एकच: नानांचं स्टूल आज जाणार. आणि वेळेत पोचले तरी सरांचं ते पेन्सिलीचं अक्षर मला तरी लागेल का!

मी निम्म्यात असताना स्टेजवरून श्यामचा आवाज आला. पुढचं वाक्य. मग थांबून त्याच्या पुढचं. आणि मधे मधे, मला सवयीनं ओळखू येणारा, नानांचा तो वीतभर आवाज.

डाव्या विंगेत पोचले आणि तिथंच थबकले. नानांच्या स्टुलामागं वसंतराव उकिडवे बसले होते. प्रयोग चालू असताना हा माणूस शेवटच्या रांगेतली खुर्ची कधी सोडत नसे. त्यांचं तोंड नानांच्या कानाशी होतं. ते एक वाक्य नानांना सांगत, नाना ते श्यामला देत, आणि श्याम ते सभागृहाला ऐकवत होता. श्याम तिथून सहा हातांवर उभा होता. नानांनी कागद डोळ्यांसमोर ताठ धरला होता. असं करत करत भाषण शेवटापर्यंत गेलं, टाळ्या सुरू झाल्या, पडदा पडला. मी नानांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मागं कुणी नव्हतं.

प्रयोगानंतर वसंतरावांची एक पद्धत होती. सगळ्यांना रंगपटात रांगेत उभं करायचं आणि खिशातली वही काढून प्रत्येकाच्या चुका वाचायच्या. शाबासकी कुणालाच नाही. त्या दिवशीही तोंडावरचे रंग तसेच ठेवून आम्ही उभे राहिलो. नाना टोकाला, हातात तो कागद.

"श्याम. शेवटचं भाषण शंभर वेळा लिहून आण."

"हो सर."

"गुलाब. दुसऱ्या अंकात पट्टी लवकर सोडलीस."

"हो सर."

"विमल. तिसऱ्या अंकात जागा सोडून दुसऱ्या विंगेत आलीस."

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

वसंतरावांनी पान उलटलं. "नाना. श्याम थांबल्यावर पुढचं वाक्य द्यायला तुम्हाला दहा सेकंद लागले."

याहून कमी चुकीला लोक गेले होते. मी खाली मान घालून माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

नानांनी नव्या कोटाचं बटण लावलं. हातातला तो एकुलता कागद त्यांनी दोन बोटांनी नीट केला.

"पान चिकटलं होतं, वसंतराव."

वसंतरावांनी त्या कागदाकडे पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

"पुढच्या नाटकाला," ते म्हणाले, "पानं आधी सुटी करून बसत जा."